हेल्मेटमागचा शब्द

युद्ध संपलं तेव्हा मी बाळकुमच्या माझ्या घरात भेंडी चिरत होते. अकरा ग्रहांचं युद्ध, सहा सीझन चाललेलं. स्टुडिओतल्या मुलीचा फोन आला, "ताई, सातवा सीझन पाठवलाय. ह्यात फायटिंग नाहीये हं. वॉर संपलंय, त्याच्यानंतरचं आहे सगळं." मी सुरी खाली ठेवली आणि म्हटलं, "सुटलो गं बाई एकदाचे!" तिने फोन ठेवला तरी मी बोलतच होते, की आता बघू कोण कोण परत येतं आणि कोण नाही. घरात ऐकायला कोणी नव्हतं. माझं लग्न मोडलं त्याला दहा वर्षं झाली, त्यात सांगण्यासारखं काही नाही. एकटं राहिलं की माणूस भेंडीशीसुद्धा बोलतं.

मी डबिंगसाठी मराठी संवाद लिहिते. परदेशी मालिकेतली माणसं त्यांच्या भाषेत ओठ हलवतात आणि त्या ओठांत मी मराठी बसवते. लोक विचारतात, म्हणजे भाषांतर ना? भाषांतर काय डोंबल! इथे समोरच्याचे ओठ मिटले की माझ्या वाक्यातही तिथे ओठ मिटणारं अक्षर पाहिजे, प नाहीतर ब नाहीतर म. दुसरीच्या मापाचा ब्लाउज आपल्या अंगाला बसवून घ्यायचा, तसलं काम. सूट एकाच ठिकाणी मिळते. पात्राने हेल्मेट घातलं आणि काच काळी असली की ओठ दिसत नाहीत. तिथे मी मनाला येईल ते लिहू शकते, फक्त वेळेत बसलं की झालं. ही सूट मी एकदाच मनापासून वापरली, आणि तीच मला भोवली.

सातवा सीझन मला आवडला आणि जडही गेला. पहिले सहा सीझन "मारा", "मागे फिरा", "ढाली वर करा" एवढ्यावर निभावलेलं. आता सगळे बोलायला लागलेले. लढाऊ यानांमध्ये बिऱ्हाडं थाटलेली, तोफेच्या नळीला दोरी बांधून कपडे वाळत घातलेले. एक आचारी होता. तो तीनशे सैनिकांचा स्वयंपाक करायचा, त्यातले सतरा उरले, पण ह्याच्या हाताला ते कळत नाही. रोज तीनशेंचं शिजवतो आणि रोज शरमतो. आणि गोदीवर एक टेबल मांडलेलं. टेबलामागे एक कारकून, पुढ्यात मोठं बाड. ज्यांचं माणूस बेपत्ता आहे त्यांनी रांगेत उभं राहायचं आणि सांगायचं, आमचं माणूस येणार की नाही येणार. नाही म्हटलं की नाव कमी. ते बघून मला हसूच फुटलं. आमचं रेशनिंगचं ऑफिस उचलून थेट आकाशात नेऊन ठेवलेलं त्यांनी.

त्या रांगेत एक माणूस रोज यायचा आणि नंबर जवळ आला की पुन्हा मागे जाऊन उभा राहायचा. तो कप्तानबाईचा नवरा. ही कप्तान दुसऱ्या सीझनमध्ये एकटी यान घेऊन गेलेली, ती पुन्हा दिसलीच नाही. जाताना गोदीवर नवरा उभा, तिचं हेल्मेट बंद, काच काळी. मूळ इंग्रजीत ती एवढंच म्हणते, मी जाते. मी लिहिलं, "येते."

आता ह्यात विचार करण्यासारखं काय होतं? आपल्याकडे बाई दारातून बाहेर पडताना जाते म्हणते का? दळण आणायला निघाली तरी येते म्हणते. डबिंगच्या दिग्दर्शकाने एका शब्दाने विचारलं नाही. तोही मराठीच, त्याच्याही कानाला ते बरोबर वाटलं. पण मी ते सवयीने लिहिलं असं म्हटलं तर खोटं होईल. माझी आई जाऊन तेव्हा एक महिना झालेला.

आईबाबा डोंबिवलीजवळ कोपरला राहायचे. तिसरा मजला, लिफ्ट नाही. बाबा टेलिफोन खात्यात होते, सुरुवातीची बरीच वर्षं एक्स्चेंजवर ऑपरेटर. दिवसभर लोकांचे आवाज कानात, त्यामुळे शब्दांच्या बाबतीत भारी कडक. घरातून निघताना कोणी चुकून जातो म्हणालं की बाबा जिथे असतील तिथून ओरडायचे, "येतो म्हण!" पाहुणे असोत, आम्ही असू, कोणाला सोडलं नाही. एकदा गॅसवाल्याला त्यांनी दुसऱ्या मजल्यावरून परत वर बोलावलं आणि येतो म्हणायला लावलं. तो बिचारा युपीचा. त्याला वाटलं ह्यांना अजून एक सिलिंडर पाहिजे.

आई मुद्दाम खोडी काढायची. चपला घालताना म्हणायची, "जाते हो मी." आतून "येते म्हण!" आलं की हसत हसत "येते, येते" करत जिना उतरायची. लग्नाला सत्तेचाळीस वर्षं झालेली, तरी ह्यांचा खेळ चालूच.

शेवटच्या दिवशी सकाळी तिला दम लागला. ॲम्ब्युलन्स आली, पण आमच्या जिन्यात स्ट्रेचर वळत नाही. म्हणून तिला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं आणि चौघांनी उचललं, तिघे शेजारचे आणि चौथी मी. खुर्चीचा मागचा एक पाय माझ्या हातात. बाबा आत तिच्या रिपोर्टची फाईल शोधत होते. दाराशी आल्यावर आई म्हणाली, "जाते हो मी." आवाज अगदी बारीक. आतून काही आलं नाही, कपाटाची दारं आपटत होती फक्त. मला म्हणता आलं असतं, आई, येते म्हण. मी काय म्हटलं? "बोलू नकोस, दम लागेल." फाईल फ्रीजवर होती. बाबा ती घेऊन धावत खाली आले तोवर ॲम्ब्युलन्स निघालेली. ते मागून रिक्षा करून आले. हॉस्पिटलच्या दाराशी पोचेपर्यंत आई संपलेली.

तेराव्याला दुपारी पाहुणे गेले आणि आम्ही दोघं सतरंज्यांच्या घड्या घालत होतो. एक टोक त्यांच्या हातात, एक माझ्या. बाबांनी विचारलं, "जाताना काही म्हणाली का गं ती?"

"येते म्हणाली," मी म्हटलं.

"हं," बाबा म्हणाले. "सत्तेचाळीस वर्षं शिकवत होतो. शेवटी न सांगता म्हणाली." आणि माझ्या हातातलं टोक घेऊन त्यांनी घडी पुरी केली.

मला त्या वेळी दुसरं काही सुचलंच नाही. खरं सांगायला जीभ उचलत नव्हती. मग महिन्याभराने कामाला बसले तर समोर काळी काच, आणि ती बाई म्हणतेय, मी जाते. मला इतका राग आला तिचा! मी तिला येते म्हणायला लावलं. माझ्या खोट्याला एक सोबत झाली, दुसरं काय.

बाबांच्या टीव्हीवर ती मालिका मीच लावून दिलेली. मन रमेल, निदान लेकीचं काम तरी बघतील म्हणून. त्यांना अंतराळाशी काही देणंघेणं नव्हतं, पण आवाज ओळखायचे. "ही मेलेली राणी आता भाजीवाली झाली काय गं?" असं विचारायचे, आणि खरंच तीच बाई दोन्ही आवाज देत असायची. दर रविवारी सकाळी आमचा फोन. पाच मिनिटं तब्येत, पंधरा मिनिटं युद्ध, मग "ठेवतो." कप्तानबाई गेली त्या रविवारी म्हणाले, "येते म्हणालीये, म्हणजे येणार ती. बघच तू." पुढचे चार सीझन हेच. कितीही यानं फुटली तरी, "आपली कप्तान कुठेय? येते म्हणालीये ना."

मी त्यांना म्हणत होते, बाबा, बाळकुमला चला. लिफ्ट आहे, खाली चालायला बाग आहे, एक खोली नुसती रिकामी आहे. पहिल्यांदा म्हटलं तेव्हा हसत म्हणाले, "तुझी आई येते म्हणून गेलीये. तिला दाराला कुलूप दिसलं तर?" मीही हसले. पण नंतर दर वेळी तेच उत्तर, आणि हसणं कमी कमी होत गेलं. रेशनकार्डावरून आईचं नाव कमी करायचं होतं. ते म्हणाले, "कशाला? राहू दे." गेल्या वर्षी दुसऱ्या मजल्याच्या वळणावर पाय घसरला, प्लास्टर घातलं, तरी घर सोडायला तयार नाहीत. तीन आठवडे मीच लॅपटॉप घेऊन कोपरला जाऊन राहिले. तेव्हा मला समजलं की हे म्हातारपणचं खूळ नाही. बाबांचं डोकं माझ्यापेक्षा चांगलं चालतं. ते माझ्या एका शब्दावर तिथे बसून होते.

आणि मग सातव्या सीझनचा चौथा भाग माझ्या पुढ्यात आला.

त्यात नवऱ्याचा नंबर लागतो आणि ह्या वेळी तो मागे जात नाही. कारकुनाला सांगतो, आमच्या ग्रहावर परत यायचं असलेला माणूस जाताना भेटू म्हणतो. यायचं नसेल, येता येणार नसेल, तो नुसतं मी जातो म्हणतो. ती मी जाते म्हणाली. तिने मला खरं सांगितलं होतं, मीच ते ऐकलं नाही. नाव कमी करा. झालं, एवढाच प्रसंग. मी खुर्चीत मागे टेकून बसले. ह्या लोकांना ही युक्ती सुचायला सात सीझन लागले, आणि आमच्या कोपरच्या जिन्यात हे रोजचं होतं.

दुसऱ्या दिवशी स्टुडिओतल्या मुलीचा फोन. "ताई, लोचा झालाय. सेकंड सीझनमध्ये तुम्ही येते लिहिलंय. आणि आता हा बोलतोय ती जाते बोलली. जुना सीन पण दाखवणारेत मध्ये. काय करायचं?"

"बघते," मी म्हटलं.

चार दिवस बघितलं. नवऱ्याचं वाक्यच फिरवायचा प्रयत्न केला. ती येते म्हणाली, पण तिचा आवाज खरा नव्हता. ती येते म्हणाली, पण मागे वळली नाही. नऊ तऱ्हा लिहिल्या. दिग्दर्शक म्हणाला, "ताई, सगळा दमच जातोय ह्यातला. एका शब्दाचा पॅच आहे, तिला बोलावून भरून घेऊ ना. तुम्ही एवढं काय धरून बसलाय?" बरोबर होतं त्याचं. कप्तानचा आवाज देणारी आली, दोन मिनिटांत "जाते" म्हणून गेली. दुसऱ्या सीझनमध्येही तेच बसवलं. माझं "येते" कुठेच राहिलं नाही.

आणि खरं सांगू? मी भांडले, तरी आतून एक मन म्हणत होतं, बरं झालं. बाबांच्या कानातून हे सुटणार नाही. एकदा त्यांना कळलं की वाट बघण्यासारखं काही नाहीच, की ते येतील माझ्याकडे. मला त्यांच्या गुडघ्यांची काळजी होती हे खरंच, पण त्याहून मला घरात कोणीतरी पाहिजे होतं. संध्याकाळी कुलूप उघडून आत शिरायचं आणि आपणच लावलेला पंखा आपणच बंद करायचा, ह्याचा मला वीट आलेला. हे मी बाबांना कधी म्हटलं नाही. लिफ्ट आहे, बाग आहे, एवढंच म्हणत राहिले.

तो भाग आला त्या रविवारी मी फोन केला नाही, सरळ निघाले. माणकोलीचा पूल झाल्यापासून बाळकुमहून डोंबिवली वेस्टला रिक्षाने पटकन पोचता येतं. दुपारी बाराला मी कोपरला. बाबांनी वरणभात लावलेला. मला बघून म्हणाले, "अगं, आज कशी काय?" आणि भात वाढवायला परत कुकर लावला. जेवलो आणि टीव्हीसमोर बसलो.

नवरा कारकुनासमोर बसला. मधे जुना प्रसंग आला. गोदी, काळी काच, आणि आवाज, "जाते."

बाबांनी रिमोट उचलून चित्र थांबवलं. "ही येते म्हणालेली."

"हो."

"मग आता जाते कसं?"

"ती जातेच म्हणालेली बाबा, पहिल्यापासून. मी येते लिहिलेलं."

"का?"

रिक्षात मी जे काय घोकून आलेले त्यातलं एक वाक्य आठवेना. "आईपण जाते म्हणालेली," मी म्हटलं.

बाबा माझ्याकडे बघत नव्हते. टीव्हीवर कप्तानचा नवरा गोदीवर तसाच थांबलेला, एक हात अर्धा वर.

"तू कुठे होतीस तेव्हा?"

"खुर्चीचा मागचा पाय माझ्याकडे होता."

"मोठ्याने म्हणाली?"

"नाही. आत ऐकू येण्यासारखं नव्हतं."

"मी फाईल शोधत होतो," बाबा म्हणाले.

"माहितेय बाबा."

"फ्रीजवर होती फाईल. मीच ठेवलेली, लगेच सापडावी म्हणून." त्यांनी रिमोट मांडीवर ठेवला. "मला ऐकू आलं असतं तर मी ओरडलो असतो. आणि ती म्हणाली असती गं. माझं एक ऐकायची नाही तुझी आई, पण हे ऐकायची."

मी रडायला लागले. पन्नाशी उलटलेली बाई, नाक ओढत, ओढणीला डोळे पुसत, लहान मुलीसारखी रडले. सहा वर्षं मला वाटत होतं मी बाबांना वाचवलं. ते रडले नाहीत. त्यांनी रिमोट दाबून चित्र पुढे चालू केलं आणि आम्ही तो भाग शेवटपर्यंत बघितला. नवरा म्हणाला, "तिने मला खरं सांगितलं होतं, मीच ते ऐकलं नाही." शब्द माझे होते. मी ते माझ्या टेबलावर बसून, ओठांना ओठ जुळवून लिहिलेले. कारकुनाने बाडात एक रेघ मारली.

बाबा उठले. कपाटातल्या पेपरखालून त्यांनी रेशनकार्ड काढलं, वर प्लास्टिकची पिशवी तशीच. ते माझ्यासमोर ठेवलं. "नाव कमी करायचं बघ. फॉर्म तू भर, सही करतो मी."

मी ज्यासाठी आलेले ते समोर होतं. लाज सोडून म्हटलं, "बाबा, मग आता चला ना माझ्याकडे. मला एकटीला करमत नाही हो."

पहिल्यांदाच म्हटलं मी ते. बाबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, लहानपणी ताप बघायचे तसा.

"हे आधी का नाही म्हणालीस?" ते म्हणाले. "आत्ता नको. इतकी वर्षं मी इथे एकटा नव्हतो गं. येणारीची वाट बघणारा माणूस एकटा नसतो. आजपासून आहे. थोडी सवय होऊ दे मला."

मी खरं सांगून त्यांना मोकळं करायला आलेले, आणि उलट आई आज माझ्याच हातून दुसऱ्यांदा घरातून गेली. चहा केला, दोघांनी तो गार करून प्यायला. रेशनकार्ड पर्समध्ये ठेवताना पिशवीचा आवाज झाला तेव्हा बाबा खिडकीकडे बघत होते.

दारात चपला घातल्या आणि अडले. जन्मभर न अडखळता म्हटलेला शब्द, पण आता तो ह्या घरात माझ्या तोंडून कोण खरा मानणार? बाबा निरोप द्यायला कधी उठून यायचे नाहीत, आतूनच ओरडायचे. आज ते भिंतीला धरत दारापर्यंत आले आणि उभे राहिले.

"येते, बाबा," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं.

"म्हणालीस ना," ते म्हणाले, "मग ये."